रेडिओवर माझा आवाज

फोनवर आवाज भरताना पडद्यावर बारीक रेघा उठतात. मोठ्याने बोललं की उंच, हळू बोललं की बुटक्या. माझ्या सगळ्याच बुटक्या होत्या. वांग्याचे शेंडे माना टाकतात, आत अळी निघते, काय करू, एवढंच मी भाजी पिकवणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर विचारलं. शेतीचं शिकवणाऱ्या, रेडिओवरही बोलणाऱ्या ताईंनी लगेच लिहिलं, "छान प्रश्न. आज संध्याकाळी रेडिओवर तुमच्याच आवाजात लावू."

मी घाईने तो आवाज पुसला, तर फक्त माझ्याच फोनमधून गेला. जाऊबाई हसल्या, "बाकी सगळ्यांकडं तसाच आहे गं. आता तू रेडिओवाली!" ताईंना नको म्हणायचंही धाडस झालं नाही.

आमच्याकडे धाकटी सून थोरल्या दिरापुढे बोलत नाही. मीही भाऊजींपुढे कधी बोलले नाही, आणि रेडिओ तर त्यांच्याच उशाशी असतो. माणूस दाराआड उभा राहू शकतो, आवाजाला कुठलं दार? एकदा तोंडातून गेला की तो कुणाच्या ओसरीवर जाऊन बसेल, सांगता येत नाही.

संध्याकाळी मी चुलीपुढे बसले होते. माझाच आवाज बाहेरच्या खोलीतून आत आला. भाऊजींनी खोकून रेडिओ मोठा केला. ताईंचं उत्तर संपल्यावर ते दाराकडे न बघता म्हणाले, "वांग्याचं विचारलंस, मिरचीचं का नाही विचारलंस?"

रागावले असते तर मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. पण ते उत्तराची वाट बघत होते.