पाट, पाठ आणि पाहुणे

नणंदेला बघायला आलेल्या पाहुण्यांची आणि माझी पहिली भेट झाली ती पाठीनं.

निजामाच्या वेळची गोष्ट. खजुरीहून लग्न होऊन मी जनवाड्याला आले, तेव्हा पाण्याची आणि माझी ओळख रांजणापुरती. जनवाड्यात ओढा होता, ओढ्यावर बंधारा होता, आणि घरात गंगू नावाची नणंद होती. उंच, काटक, पाण्यात पडली की नुसती मासोळी. "पोरगी ताडासारखी वाढलीय" म्हणत आधीची सगळी स्थळं शिरा खाऊन परत गेलेली. (शिरा मात्र कुणी परत केला नाही!)

त्या दिवशी कल्याणी गावचं स्थळ दिवेलागणीला यायचं होतं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सकाळीच घरातला सागवानी पाट आम्हा दोघींच्या हवाली केला. दोन माणसं मांडी घालून बसतील एवढा थोरला.

"पाव्हणे ह्याच्यावर बसनारेत. ओढ्यावर नेऊन राखेनं घासून आणा. आन् तिकडं रमू नगा!"

पाट घासून झाला. तेवढ्यात वर बंधाऱ्यावरच्या माणसानं पाण्याचं दार उचललं. तो थोडंथोडं उचलायचा, थोडंथोडं टाकायचा, म्हणून कमरेएवढ्या लाटा एकामागून एक सुटायच्या. गंगूनं कासोटा आवळला, पाट छातीखाली घेतला, लाटेकडं पाठ केली. लाट आली, तिला अलगद उचलून सर्रकन पिंपळापर्यंत घेऊन गेली! पाट डोक्यावर घेऊन पोरगी हसत परत.

"वैनी, जाताव का?"

"छे गं! मी नवी नवरी."

"व्हय. खजुरीचे लोक तांब्यातच पोहतेत म्हणं."

आता माहेरचं नाव निघाल्यावर माणसानं काय करावं? मी पाण्यात उतरले.

"लाटंकडं पाठ करायची," गंगू शिकवायला लागली, "आन् माघारी बघायचं न्हाई."

"कामून? येतंय काय ते दिसलेलं बरं की!"

"बघितलं की भ्या वाटतंय, वैनी. मग गडबड व्हतीय."

पहिल्या लाटेला पाट गेला, मी राहिले. पुढच्या लाटेला पाट राहिला, मी गेले. (बराचसा ओढा त्या वेळी माझ्या पोटात गेला.) मग पुन्हा मागून खळाळ ऐकू आला. "बघू नगा!" गंगू ओरडली. आणि मी बघितलं! नुसती मान नाही, सगळी मीच वळले. लाट थाडकन तोंडावर बसली, पाट गर्रकन फिरला, छातीखालचा बुडाखाली आला, आणि मी निघाले. तोंड बंधाऱ्याकडं, पाठ गावाकडं! पिंपळ गेला, धुणं धुणाऱ्या बायका गेल्या, एक म्हैस गेली. कुठं जायलेय ते दिसेना. कुठून आले तेवढं दिसत होतं. आणि काठानं पळणारी गंगू.

"वैनी, माघं बघा! माघं बघा!"

"आत्ता तर बघू नगा म्हणलीस!"

"आता बघा! माघं मानूस हाय!"

मी वळेपर्यंत माझी पाठ कुणाच्या तरी गुडघ्यांवर आदळली. दिवेलागणीचे पाहुणे दुपारीच आले होते! उतारावर बैलगाडी थांबवून काळ्या शेरवानीतले, डोक्याला जरीचा रुमाल बांधलेले एक वयस्कर गृहस्थ धोतर खोचून पाय धूत होते. ते "आगं आई गं!" करत माझ्या शेजारीच बसले. पाहुण्यांनी ज्या पाटावर बसायचं त्याच पाटावर बसले. फक्त पाट अजून ओढ्यात होता!

पुढं बाभळीच्या मुळाला पाट अडकला तेव्हा आम्ही थांबलो. रुमाल थांबला नाही.

"कुनाची गं तू?" गृहस्थ पाणी थुंकत म्हणाले.

नवऱ्याचं नाव घ्यायची चोरी, सासऱ्यांचंही. ओला पदर डोक्यावर ओढून मी म्हणाले, "मी... पाट धुवायले."

गाडीतला तरणा पोरगा, म्हणजे ज्याच्यासाठी पोरगी बघायची तो, पोट धरून हसत होता. "अप्पा!" एवढंच त्याच्या तोंडून निघायचं, की पुन्हा हसू. अप्पांनी मला नीट न्याहाळलं आणि कळवळून विचारलं, "हीच पोरगी बघायला आलोय का आपून?"

"न्हाई, न्हाई! पोरगी मी हाय!"

गंगू धापा टाकत काठावर उभी होती. निथळणारी, केस सुटलेले, गुडघ्यापर्यंत चिखल. तिनं पाण्यात उडी घेतली, अप्पांच्या बखोटीला धरून त्यांना बाहेर काढलं, मग पाट काढला, मग मला. (माणसांची किंमत अशा वेळी कळते.)

घरी अप्पा माझ्या सासऱ्यांचं धोतर नेसून घोंगडीवर बसले. मी धान्याच्या कणगीआड लपून मुसमुसत होते. तोंड कुणाला दाखवू? गंगूचं हेही स्थळ माझ्या मूर्खपणानं वाहून गेलं होतं. बाहेर गंगूला आणून बसवलं.

"सैपाक, शिवन, काय इचारायचं न्हाई मला," अप्पा म्हणाले. मी कान टवकारले.

"ह्या पोरीनं मला पान्यातनं वर काढलं. आमचं लेकरू गाडीत बसून दात काढत व्हतं! घरात एक तरी कामाचं मानूस पाहिजे. पोरगी पसंत हाय." मग कणगीकडं नजर टाकून म्हणाले, "पर लगीन आमच्या दारात. तिथं ओढा न्हाई."

कल्याणीला लग्न थाटात झालं. नवी इरकली साडी नेसून, खाली मान घालून मी अप्पांच्या पाया पडायला निघाले. मला बघताच ते दोन पावलं माघं सरले.

"ऱ्हाऊ दे, बाई. तिथनंच पड."

मी तिथंच पडले. पाया पडणं राहिलंच. साडीच्या काठात पाय अडकून, नुसतीच पडले!