वाचवलेल्या धुराचं गिऱ्हाईक

आमच्या शेजारच्या लॉन्ड्रीवाल्या ताईंना फसवणं सोपं नाही. डाग लपवून कपडे टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या दारातच पकडतात. पण पाठीला पाठ लावून आलेल्या भावापुढे ही सगळी हुशारी गुंडाळून ठेवलेली असते. मला हे कधीच पटलं नाही, पण माझं पडलं सायकल दुरुस्तीचं दुकान. माझं कोण ऐकतंय?

भाऊ सोलर पॅनेल बसवायची कामं घेतो. त्यानेच गळ घातली. "ताई, वीज गेली की तुझा जनरेटर धूर ओकतो. गच्चीवर पॅनेल बसवू. मग जेवढा धूर वाचेल, त्याला बाजारात भाव आहे. मोठे कारखाने विकत घेतात."

"धुराला भाव? मग इतकी वर्षं मी सोनंच जाळत होते म्हणायचं."

"त्यातला वाटा तुला. त्यातूनच पुढे बॅटऱ्या बदलू. शब्द देतो."

अट एकच होती, जनरेटर मोडायचा. विकून चालत नव्हतं, कारण तो दुसऱ्याच्या दारात जाऊन धूर करणारच. नवऱ्यामागे ताईंनी त्याच जनरेटरवर धंदा सावरला होता. भावाने घण घालून इंजिन फोडलं, मोबाइलवर त्याचं शूटिंग केलं आणि ताईंना पॅनेलशेजारी उभं करून फोटो काढला. ताई छान हसल्या. मला तेव्हाच खटकलं होतं, असं आता म्हणायला काय जातंय.

काही वर्षं मशिनी सुरळीत फिरल्या. मग बॅटऱ्या थकल्या. वीज गेली की कपडे साबणाच्या पाण्यात तसेच पडून राहायचे, गिऱ्हाइकं तुटायला लागली. वाट्याचं विचारलं की भाऊ म्हणायचा, "वरून अजून आलाच नाही गं." त्यातच लॉन्ड्रीच्या मागे असलेल्या कारखान्याने आणखी एक धुराडं उभारलं आणि वाळत घातलेल्या चादरींवर काजळी बसू लागली. शेवटी ताईंनी एक काळवंडलेली चादर काखोटीला मारली आणि कारखाना गाठला. सोबतीला मी होतोच.

तिथला साहेब अदबीने बोलला. "बाई, आमच्या धुराची भरपाई आम्ही केलीय. तुमच्याच वस्तीत वाचलेला धूर रोख पैसे देऊन घेतलाय." त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. मोठ्या फ्रेममध्ये ताई होत्या, आपल्याच गच्चीवर, हसत.

परतताना ताई चादर छातीशी धरून भराभर चालत होत्या. शिव्या मी घातल्या.

संध्याकाळी भाऊ आला. त्याने काहीच नाकारलं नाही, उलट समजावत बसला. "सगळ्या गल्लीचा एकत्र सौदा झाला, ताई. माझे गाडीचे हप्ते थकले होते, तुझा वाटा त्यात गेला. बाकीच्यांना वाटे देऊन त्यांचं तोंड आधी बंद करावं लागलं. तू काय परकी आहेस?"

"मी काजळीची रड सांगायचे, तेव्हा इथेच बसून ऐकायचास. धूर कुणाला विकलाय ते माहीत होतं तुला?"

"भाव त्यांनीच चांगला दिला."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. ताई उठल्या. त्याचे शर्ट आजवर फुकटच धुतले जायचे. इस्त्री केलेला गठ्ठा त्यांनी त्याच्यापुढे ठेवला आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगावा तसा धुलाईचा आकडा सांगितला.

त्याने वाद घातला नाही. पाकीट काढलं, पैसे ठेवले, गठ्ठा उचलला आणि गेला. इतका वेळ कोरडे राहिलेले ताईंचे डोळे तेव्हा भरून आले. "दिले रे त्याने, परक्यासारखे," त्या मला म्हणाल्या.