गंगाक्काचे दोन खड्डे

"काय लिहिलंयस ते वाचून दाखव. मला इंग्रजी येत नाही," गंगाक्का म्हणाली. पुढ्यात विळी होती, सुपात सोललेलं केळफूल.

मी वाचलं. परसात, विहिरीजवळ, कचऱ्याचा उघडा खड्डा आहे, त्यानं माश्या होतात, आठ दिवसांत बुजवावा. खाली माझी सही.

"तूच लिहिलंस, तूच वाचतोस. मग नुसतं तोंडानं सांगायचं होतंस की रे!"

साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. मी तंजावरात सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो, म्हणजे गटारं, विहिरी, कचरापेट्या बघणारा माणूस. प्रोबेशनवर होतो. नोकरी कच्ची, साहेबानं बरं लिहिलं तरच पक्की. गंगाक्का आमच्याच गल्लीतली, शाळामास्तरांची बायको. लहानपणी तिच्या घरी मी कितीदा जेवलो असेन. म्हणूनच पहिली नोटीस तिला दिली. आपल्या माणसांना सोडतो, असं कुणी म्हणू नये म्हणून.

तिच्या परसात दोन खड्डे होते. एकात भाजीची सालं, देठं, देवाची शिळी फुलं, कॉफीचा चोथा. दुसऱ्यात जेवणाची उष्टी केळीची पानं. विहिरीजवळचा दुसरा. तो मी दोन माणसं लावून बुजवला. ती प्रत्येक थरावर चुलीची राख आणि वाळका पाला घालते, हे मी पाहिलंच नाही. आत काठी खुपसून वास घेतला असता तरी कळलं असतं. नीट कुजलेल्या खताला घाण येत नाही, शेतातल्या मातीचा वास येतो.

दोन महिन्यांनी हेल्थ ऑफिसरनी बोलावलं.

"पेट्या भरून वाहतायत. बैलगाडी दिवसाआड येते. आता घरोघरी कंपोस्टचा खड्डा पाहिजे. तुझ्या वॉर्डापासून सुरुवात. एक महिना."

"येस सर."

"नाहीतर तुझ्या प्रोबेशनच्या कागदावर मी काय लिहू, तूच सांग."

जे बुजवलं तेच आता खणायला सांगायचं होतं. दारोदार फिरलो, जंतूंवर भाषण दिलं. रामराव, रिटायर झालेले तालुका कचेरीतले क्लार्क, ओसरीवरूनच गरजले, "उष्टी पानं तुळशीशेजारी कुजवायची? आणि त्याच खतावरची वांगी देवापुढे ठेवायची? इन्स्पेक्टर झालास तर आचारही सोडलास काय?"

दोन आठवड्यांत एकही खड्डा झाला नाही. लोक विचारत होते उष्ट्याचं, मी सांगत होतो जंतूंचं.

शेवटी गंगाक्काकडे गेलो. तिनं कॉफी पुढे ठेवली.

"अक्का, तुझे खड्डे दोन का होते?"

"आत्ता विचारतोस?" ती हसली. "एक सोवळा, एक उष्ट्याचा. सोवळ्यातलं खत तुळशीला, वांग्याला. उष्ट्यातलं मेंदीच्या कुंपणाला. कुंपण कोण खातंय? करवंट्या बंबात, फाटकी वेष्टी-धोतरं वातींना, नारळाची शेंडी भांडी घासायला, कागद शेंगदाणेवाल्याला. बाहेर टाकायला काही उरतच नव्हतं. तू खड्डा बुजवलास, तेव्हापासून पानं पेटीत टाकते."

मी पुन्हा दारोदार गेलो. या वेळी जंतूंचं नाव काढलं नाही. दोन खड्डे सांगितले, राख आणि पाला सांगितला. पहिले खड्डे रामरावांनी खणले, आणि गल्लीभर सांगत सुटले. महिना संपता संपता पेटी अर्धी रिकामी राहू लागली.

मग मी रिपोर्ट लिहिला. त्यात एक वाक्य होतं: ही पद्धत अंडरसाइन्डनं शोधून काढली. अंडरसाइन्ड म्हणजे खाली सही करणारा. म्हणजे मी.

हेल्थ ऑफिसर पाहणीला आले आणि नेमके गंगाक्काच्या परसात शिरले. तिचा सोवळा खड्डा काठीनं उकरून खूश झाले. तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

मी खाली पाहिलं. बुजवलेल्या खड्ड्याची माती अजून वेगळी दिसत होती. गंगाक्कानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, गेली नोकरी.

"यानंच," ती म्हणाली. "आमच्याच गल्लीतला मुलगा. हुशार आहे."

नोकरी पक्की झाली. शेजारच्या पापनाशम गावाला ही पद्धत दाखवायलाही मलाच पाठवलं. पण त्या दिवशी साहेब गेल्यावर मी तिथेच घुटमळलो.

"अक्का, मी रिपोर्टात..."

"कळलं मला. उद्या ये आणि माझा खड्डा परत खणून दे. माणसं पाठवू नकोस. तू खण."

खणला. तिनं सांगितलं तिथे, विहिरीपासून लांब. तळहाताला फोड आले. गंगाक्कानं काठावर उभं राहून खोली पाहिली, ताकाचा तांब्या हातात दिला आणि म्हणाली, "आता खोटं थोडं कमी झालं."

उरलेलं आज कमी करतो आहे. पद्धत गंगाक्काची. माझी फक्त सही.

ती जाऊन बरीच वर्षं झाली. तिची मुलगी तिरुवैयारुला गाणं शिकवते. मराठी कळतं तिला, देवनागरी वाचता येत नाही. येत्या रविवारी जाऊन हे तिला वाचून दाखवणार आहे. नोटीसही मीच वाचून दाखवली होती.

माझ्या परसात आजही दोन खड्डे आहेत. नव्या इन्स्पेक्टरांना एवढंच सांगतो: नोटीस लिहिण्याआधी खड्ड्यात काठी घालून बघा, आणि रिपोर्ट लिहिताना खड्डा कुणाचा ते लिहा.