काजळी म्हैस, मार्फत राउटर

कळसाडीच्या चुडामण आप्पांना एका गोष्टीचा भयंकर गर्व होता आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही. चौतीस वर्षं टपाल वाटलं, पण एक कार्डसुद्धा चुकीच्या दारात पडलं नाही. गावात चुडामण तीन. त्यातले दोघे एकाच गल्लीत, आणि दोघांच्याही बापाचं नाव रेवजी. तरी ह्याची नोटीस त्याच्या हातात गेली असं कधी झालं नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजूनही आप्पा कुणाकडे पाहुणे गेले की आधी चौकटीवरचा घरपट्टीचा नंबर वाचत आणि मग पाणी पीत.

घरात मात्र आप्पांची साधी पोस्टकार्डाएवढीही सत्ता नव्हती. तिथला कारभार प्रमिलाबाईंचा. आप्पांना साखरेचा आजार, त्यामुळे गुळाचा डबा प्रमिलाबाईंच्या कुलपात. आणि प्रमिलाबाईंचा सगळा जीव गोठ्यातल्या काजळी म्हशीत, निदान आप्पांचं तसं ठाम मत होतं.

त्यात यंदा पंचाईत झाली. पुण्याला लेक रंजिताला नववा लागला, आणि इकडे काजळीचेही दिवस भरत आले. जावयाची ड्यूटी अशी की घरी कधी येईल त्याचा नेम नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी रंजिताला बजावलेलं, घरात एकटं राहायचं नाही. प्रमिलाबाईंना जाणं भागच होतं. पण बाई पिशवी भरायच्या, गोठ्यात जायच्या, काजळीच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि परत येऊन पिशवी रिकामी करायच्या.

"आवं, तुम्हनावर मन्हा भरोसा नही," त्या शेवटी म्हणाल्या. "माले म्हैस रोज दिखनी पाहिजे. दिखनी ते मी पुणाले ऱ्हासू."

मग आप्पांनी शहाद्याहून नमनला बोलावलं. नमन म्हणजे मिश्रीलाल शेठजींचा नातू. आजोबांनी कापड विकलं, नातवानं गावोगाव इंटरनेटच्या तारा ओढल्या. त्याच्याकडे जुन्या मालातली कॅमेऱ्यांची एक जोडी पडून होती. ती बनवणाऱ्या कंपनीचं ॲप कधीच बंद पडलेलं, पण राउटरमध्ये नीट सेटिंग केलं तर पुण्यातल्या मोबाइलवर थेट चित्र दिसे. त्यानं एक कॅमेरा गोठ्यात लावला. दुसरा वाया कशाला घालवायचा म्हणून ओसरीत, आप्पांच्या खाटेसमोर ठोकला. पुण्याला काजळी दिसायला लागली, आणि प्रमिलाबाई एकदाच्या गाडीत बसल्या.

दोन दिवस आनंदात गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. तासाभरानं आली, आणि लगेच पुण्याहून फोन आला.

"काळंकुट्ट दिखस."

"म्हैस काळीच शे ना," आप्पा म्हणाले.

"म्हैस काळी शे, पन तिना खुटाबी काळा शे का? भितबी काळी शे का? काहीच दिखत नही! रविवारलगून दिखनं नही ते मी गाडीमा बससू, सांगी ठेवस."

मागून रंजितानं फोन ओढून घेतला. तिचा आवाज रडवेला होता. "बाबा, काहीबी करा, पन मायले येऊ दिऊ नका. माले एकलीले भू भीती वाटस."

आज बुधवार होता. त्यांनी नमनला फोन लावला, तर पलीकडे ढोल बडवत होते. नमन बहिणीच्या, मुस्कानच्या लग्नासाठी राजस्थानात गेलेला, आणि आठ दिवस येणार नव्हता.

"आप्पा, काही बिघडनं नही," तो ढोलावर आवाज चढवून ओरडला. "लाईट गयी का राउटर समदासले नवा पत्ता वाटस. कॅमेराना पत्ता बदली गया, बस."

आप्पा सुन्नच झाले. "लाईट गयी का बिऱ्हाड बदलस? आशा गावमा कोन टपाल वाटी रे, भाऊ?"

"म्हनीसन ते तेले पक्का पत्ता देना पडी. तुम्हीच द्या. मी सांगस."

हे काम परक्याचं नव्हे हे आप्पांना तिथेच पटलं. पत्ता म्हटल्यावर त्यांच्याशी कोण बरोबरी करणार? त्यांनी टपालाच्या फेरीची जुनी बीट-डायरी काढली, चष्मा पुसला आणि नव्या पानावर गाव मांडलं. राउटर हे पोस्ट ऑफिस. आतली माणसं दोन, ओसरीचा कॅमेरा आणि गोठ्याचा कॅमेरा. पत्त्याचे पुढचे सगळे आकडे सारखे, शेवटचा तेवढा आपण ठरवायचा, असं नमन म्हणाला. आप्पांना विचार करावाच लागला नाही. घराचा घरपट्टी नंबर ११२, गोठ्याचा ११३. तेच पत्ते. सरकारी रेकॉर्ड असताना नवे नंबर काढायचे कशाला?

पक्का पत्ता देण्यासाठी कॅमेऱ्याच्या पोटाखालच्या चिठ्ठीवरची बारा अक्षरं लागणार होती. ती ओळख कधी बदलत नाही, म्हणे. ओसरीतली आप्पांनी खाटेवर चढून वाचली. गोठ्यातली वाचायला गव्हाणीच्या कडेवर उभं राहावं लागलं. आप्पा एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत होते, तोवर काजळीनं त्यांच्या पायजम्याची नाडी चाऱ्याबरोबर तोंडात धरली. सातव्या अक्षरावर नाडी सुटली. पुढची पाच अक्षरं आप्पांनी एका हातानं पायजमा आणि दुसऱ्या हातानं छप्पर धरून पुरी केली. पण एक अक्षर चुकलं नाही हो!

मोबाइलवर राउटरचं पान उघडलं, बारा-बारा अक्षरं भरली, समोर ११२ आणि ११३ टाकले. आप्पांनी मुद्दाम मेन स्विच पाडून पाहिला. लाईट आली तरी दोघेही आपापल्या घरीच होते. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला.

"आते पोर्ट फॉरवर्ड करा," नमन म्हणाला.

"ते काय ऱ्हास?"

"बाहेरथून कोनी उनं, तर म्हैस कठे शे हाई राउटरले माहीत नही. तेले सांगनं पडस, का ह्या नंबरना दरवाजावर कोनी उनं का तेले आतमा ह्या पत्तावर धाड."

आप्पांनी कपाळावर हात मारला. "आरे, मार्फत म्हन ना! काजळी म्हैस, मार्फत राउटर. इतलं सोपं शे, आनि तू माले इंग्रजीमा घाबरावस!"

शेजारी दोधू आबा ओट्यावर तंबाखू मळत बसलेले. त्यांचा एक कान अधू, आणि दुसरा नको तेच ऐकणारा. आप्पा फोनवर मोठ्यानं म्हणाले, "हा, पोर्ट फॉरवर्ड करी ऱ्हायनू," आणि दोधू आबांना तेवढं 'पोर फॉरवर्ड' ऐकू आलं. खानदेशात पोर म्हणजे मुलगी. तासाभरात निम्म्या गावाला कळलं की पुण्याची हवा लागून चुडामणची पोर फॉरवर्ड झाली. गल्लीतली फुलीबाई तर दळण खाली ठेवून विचारायला आली, "आप्पा, रंजितानं केस कापी टाकात का?" आप्पांनी तिला राउटर समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती मान हलवत गेली आणि बापही फॉरवर्ड झालाय असं सांगत सुटली.

इकडे आप्पा दरवाजाच्या नंबरापाशी अडले होते. नमन म्हणाला, कुठलाही मोठा आकडा टाका. आप्पांनी भक्तिभावानं गावाचा सहा आकडी पिनकोड टाकला. राउटरनं लाल अक्षरांत नकार दिला.

"पासष्ट हजारना पुढे दरवाजाच नही, आप्पा."

"पिनकोड चालत नही?" आप्पांना ते फारच लागलं. ज्याच्यावर अख्ख्या देशाचं टपाल चालतं तो आकडा ह्या डबीला नको? शेवटी मन मारून त्यांनी पिनकोडातला पहिला आकडा, चार, काढून टाकला. उरलेला पाच आकडी पिनकोड राउटरनं मुकाट घेतला. खालच्या रकान्यात त्यानं विचारलं, आतला पत्ता कोणता? आप्पांचा हात तिथे क्षणभरही अडखळला नाही. त्यांनी तीन आकडे टाकले, सेव्ह दाबलं आणि दरवाजाचा नवा नंबर रंजिताला एकेक आकडा करून लिहून दिला.

"दिखस का?"

पलीकडे रंजिता फिसकन हसल्यासारखी झाली, आणि प्रमिलाबाईंचा आवाज आला. "दिखस. भू चांगलं दिखस."

"मंग? रविवारनी गाडी?"

"देखसूत," प्रमिलाबाई म्हणाल्या, "तिनी तब्येत देखीसन ठरावसू."

म्हणजे अजून टांगती तलवार होतीच. चित्र पोचलं तरी म्हशीची तब्येत बाईंच्या मनास यायला हवी होती. आप्पांनी स्वतः ते चित्र कधी उघडून पाहिलं नाही. टपालाची पोच आली की पोस्टमनचं काम संपलं, पाकिटात काय आहे ते त्यानं बघायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "वाळी गयी. टाइमवर खात नही."

आप्पा थेट गोठ्यात गेले. काजळी पोटभर खाऊन रवंथ करत होती. तरी त्यांनी सरकी-पेंडीचं आणखी एक घमेलं पुढे ठेवलं.

शुक्रवारी सकाळी फोन आला. "दोन दिन व्हयनात, आंघोळ नही. आंग कसं दिखस!"

आप्पांनी काजळीला सकाळी धुतली, दुपारी धुतली. म्हैस इतकी चकचकीत झाली की दोधू आबांनी विचारलं, विकायला काढली का. काजळीला घासता घासता आप्पांची स्वतःची आंघोळ तेवढी राहून गेली.

संध्याकाळी फोन आला तो एकदम रागातच. "आनि गोड बंद करा तिनं! मन्ही पाठ फिरनी का जिलब्या!"

"म्हैसले कोनी जिलबी दिन्ही?" आप्पा कळवळून म्हणाले. जिलबी कागदात होती, कागद खाटेखाली होता, आणि ती म्हशीसाठी आणलेली नव्हती. गोठ्यात बाईंना जिलबी दिसलीच कशी, ह्या विचारात आप्पांनी उरलेल्या दोन घाईघाईनं संपवून टाकल्या. फोनवर "हाय रे देवा" असं ऐकू आलं.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास काजळी व्याली. दोधू आबा आणि फुलीबाई मदतीला धावले. सगळं सुखरूप झालं. ओलीचिंब काळीभोर पारडी चारदा पडून पाचव्यांदा उभी राहिली आणि आईच्या कासेला लागली. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिथूनच फोन लावला.

"देखं का? पारडी व्हयनी, पारडी! देख, कशी उभी ऱ्हायनी!"

"खरंच? पारडी? म्हैस बरी शे ना?" प्रमिलाबाईंचा आवाज हर्षानं फाटला. "माले कशी दिखी? माले ते खाटलंच दिखस. आनि खाटलानाखाले जिलबीना कागद."

आप्पांच्या हातून फोन चाऱ्यात पडला. तो उचलून ते तसेच ओसरीत आले आणि राउटरचं पान उघडलं. आतला पत्ता: ११२. घर.

आणि मग त्यांना कळलं. गोठ्याच्या नावानं ग्रामपंचायतीची नोटीस यायची, तेव्हा ती चौतीस वर्षांत कुणी म्हशीच्या दावणीला नेऊन दिली नव्हती. गोठ्याचं टपाल घरीच द्यायचं असतं. हातानं इमानानं तेच केलं होतं.

"पयलेच दिन का नही सांगं?" आप्पा ओरडले. "वाळी गयी म्हने! मी त्या बिचारीले घमेलं घमेलं पेंड चारी ऱ्हायनू! दोन-दोन येळा धुयी ऱ्हायनू!"

"आंघोळ तुम्हनी सांगेल व्हती," प्रमिलाबाई म्हणाल्या. मागे रंजिता पोट धरून हसत होती, आणि "माय, आते माले हसाडू नको" असं म्हणत होती.

"ऱ्हाऊ दे. हाऊ मी बदलस. एकशेतेरा टाकस, दोन मिनिटमा तुले पारडी दाखाडस. मंग ते पुणाले ऱ्हाशी ना?"

"बदलू नका."

"आं?"

"बदलू नका म्हनं. पारडीना फोटो धाडा, बस." बाई पुढे म्हणाल्या, "म्हैसले देखाले दोधूभाऊ शे, फुलीबाई शे, समदं गाव शे. तुम्हले देखाले कोन शे? घर सोडं तव्हापाईन माले तीच काळजी व्हती. पन आसं तोंडवर कसं सांगनार? म्हनीसन म्हैसनं नाव लिधं."

एवढा मोठा पोस्टमन, पण ह्या पत्रावर काय पोच द्यायची ते कळेना. "बरं," ते कसंबसं म्हणाले. "नही बदलत."

रविवारची पुण्याहून येणारी गाडी प्रमिलाबाईंशिवाय आली. त्या दुपारी आप्पांनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि फुलीबाईनं दिलेली कारल्याची भाजी ताटात वाढून घेतली. खाट भिंतीपासून हातभर पुढे ओढली, ताट चित्रात नीट यावं म्हणून. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे बघत, तोंड वाकडं न करता, भाजीचा शेवटचा घास संपवला आणि ताट उलटं करून दाखवलं.