कलामावशी पुढच्या सीटवर

नव्या गाडीच्या बॉनेटवर हळदकुंकू लावता लावता आई म्हणाली, "वैशू, आता हिच्यातनं घाटनांदूरला जायचं. कलाक्काला घेऊन धर्मापुरीला."

मी हातातला नारळ तसाच धरून उभी राहिले. कलामावशी म्हणजे आईची थोरली बहीण, आणि ती चारचाकीत बसत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक. काही वर्षांपूर्वी एका लग्नाहून परतताना त्यांची खच्चून भरलेली वडापची जीप वळणावर उलटली. मागच्या कडेला बसलेली मावशी बाहेर फेकली गेली, तिचा खांदा मोडला. शेजारी बसलेली तिची जाऊ वाचली नाही. तेव्हापासून मावशी रेल्वेनं जाते, बैलगाडीनं जाते, नाहीतर जातच नाही. धर्मापुरीच्या केदारेश्वराला दोघी बहिणी लहानपणी वडिलांबरोबर जायच्या. पुढे दोघींचं मिळून जाणं राहूनच गेलं होतं.

"ती नाही बसणार, आई."

"तू विचारून तर बघ."

गाडीबद्दल थोडं सांगते. एके काळी आमच्या औरंगाबादेत लोक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षं काढायचे. आता जालना रोडवर काचेच्या शोरूमची रांग लागलीय, आणि 'कुठला रंग हवा मॅडम' असं आपल्यालाच विचारतात. नवऱ्याला भारी म्युझिक सिस्टीम हवी होती. मी हट्टानं दोन एअरबॅग आणि एबीएसवालं मॉडेल घेतलं. एबीएस म्हणजे नेमकं काय, हे मात्र मला गेवराईत पोचल्यावर कळलं.

दसरा उलटून गेला होता, हवेत नुकता गारवा आलेला. टाकी औरंगाबादलाच भरून घेतली (तुम्हीही घ्या), आणि आम्ही मायलेकी सकाळीच निघालो. शहागडला गोदावरी ओलांडली. पुढे वाळूचा एक ट्रक ओली वाळू सांडत चालला होता, त्यानं अचानक ब्रेक मारला. मीही मारला. पायाखाली पेडल टर्रर्र थरथरायला लागलं, कुणीतरी खालून ठोसे मारावेत तसं. ब्रेक तुटला समजून मी घाबरून पाय काढला! ट्रक पुढे सरकला म्हणून वाचलो.

गेवराईत एका हॉटेलापाशी गाडी लावली आणि बसल्या जागेवरूनच शोरूमच्या मेकॅनिकला फोन लावला. तो हसला. "मॅडम, बिघाड नाही तो. जोरात ब्रेक दाबला की चाक जाम होतं, पण गाडी घसरतच राहते. आणि जाम झालेलं चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. म्हणून चाकाचाकापाशी सेन्सर दिलाय. चाक जाम व्हायला लागलं की कॉम्प्युटर ब्रेक क्षणभर सैल करतो, परत पकडतो, परत सैल करतो. त्याचीच थरथर. तुम्ही पाय काढला म्हणजे ब्रेकच काढला. दाबून धरायचं, आणि जिकडं जागा आहे तिकडं वळवायचं."

एवढ्यात एक फेटेवाले आजोबा खिडकीतून डोकावले. माझ्या सीटबेल्टकडे बघून काळजीनं म्हणाले, "बाई, तुमाला बांधून कावून ठिवलंय?"

आई इतकी हसली की तिच्या बशीतला चहा सांडला. ('कावून' म्हणजे का. आणि भजी खा तिथली. मिरचीची.)

बीड, मांजरसुंब्याचा घाट, केज. रस्ता कुठे लोण्यासारखा, कुठे पावसानं कडा खाल्लेला. घाटात सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या, पाटीभर घेतली. सगळी गाडी गोड वासानं भरून गेली. अंबाजोगाईला जेवून दुपार कलता कलता घाटनांदूर.

मावशीनं गाडीला भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आम्हाला पोटाशी धरलं, पण गाडीला हात काही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धपाटी, दही आणि शेंगांची चटणी पुढ्यात असताना आईनं विषय काढला. मावशी उठून आतच निघाली. आई मागून म्हणाली, "काई होत न्हाई गं अक्का." बहिणीच्या उंबऱ्यात आईची भाषा आपोआप बदलते.

मावशी थबकली. "त्यो जीपवाला बी हेच म्हणलता."

मग मी म्हटलं, "मावशी, काही होणार नाही असं मी सांगणार नाही. ते कुणालाच सांगता येत नाही. पण झालंच तर गाडीत काय काय आहे, ते दाखवते. बघ तरी."

ती ओट्यापर्यंत आली. मी तिला सांगितलं, की गाडी आपटून थांबते तेव्हा आतलं माणूस थांबत नाही, ते आधीच्याच वेगानं पुढे जातं. जीपमध्ये तुला धरायला काही नव्हतं. इथं पट्टा आहे, हिसका बसला की तो जागच्या जागी अडकतो. मोठीच धडक बसली तर समोरून पापणी लवायच्या आत पिशवी फुगते, डोकं तिच्यावर पडतं. पण पट्टा लावलेला असेल तरच तिचा उपयोग, नाहीतर तिचाच मार बसतो.

मावशीचा मुलगा बापूदादा, किराणा दुकानवाला, त्याला हे पटेना. "चाकं जाम झाली पायजेत, तवाच ब्रेक चांगला!"

"चल मोंढ्यात," मी म्हटलं.

धान्याचा बाजार त्या दिवशी बंद होता, मैदान मोकळं. आदल्या दिवशीच्या सरीनं माती ओली होती. मधोमध एक रिकामं पोतं टाकलं, बापूदादाला शेजारी बसवलं आणि वेग घेऊन पोत्याच्या तोंडाशी ब्रेक दाबला. पेडल थरथरलं. या वेळी मी पाय काढला नाही, नुसतं स्टिअरिंग वळवलं. गाडी पोत्याला वळसा घालून उभी राहिली.

"आरं तिच्या!" बापूदादा खाली उतरून पोत्याकडे बघत राहिला. "परत एकडाव कर."

तीनदा केलं. चौथ्यांदा वळले तर मोंढ्याच्या फाटकाशी मावशी. पदर खोचून, आईचा हात धरून. बापूदादानं उतरून जागा दिली आणि तो दुकानाकडे गेला, आई मागे बसली. मावशी पुढच्या सीटवर बसली आणि पट्टा हळूच ओढला. आला. हिसडा दिला. अडकला. परत हळू, परत हिसडा. गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी तिनं पट्ट्याखालून काढून नीट वर घेतली, आणि मांडीवर हात ठेवून म्हणाली, "चल. पर हळू."

गाडी मागे घेताना सेन्सर टीं टीं वाजायला लागला. मागे कुणाची तरी म्हैस निवांत उभी. "अगं बया, म्हशीला बी वळखती!" मावशी म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

धर्मापुरीचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना ज्वारीची काळी रानं. मी खरंच हळू चालवत होते. पण एका वळणापलीकडे रस्ताभर मेंढरं पसरली होती, आणि त्याच क्षणी समोरून एक मोटारसायकल कडेनं घुसली. मी ब्रेक पूर्ण दाबला. पेडल थरथरत होतं, आई मागून ओरडली. मोकळी जागा फक्त डावीकडच्या मुरमात होती. पाय न काढता तिकडे वळवलं. मुरमावर गाडी थोडी लांबच सरकली, आणि थांबली. मान वर करून पाहिलं, तेव्हा एक कोकरू बॉनेटपलीकडून आमच्याकडे बघत होतं.

मावशीकडे बघायचा मला धीर होईना. तिच्या छातीवर पट्टा घट्ट ताणला होता.

"वैशे," ती म्हणाली, "धरलं गं मला. जागच्या जागी धरलं!"

आणि ती रडायला लागली. रडता रडता हसायलाही लागली. मागून आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच मोडलेल्या खांद्यावर. "जाऊबाईला असं कुणी धरलं असतं तर," एवढंच मावशी म्हणाली. मग बाटली उघडून तिनंच मला पाणी पाजलं.

मेंढपाळाची बायको धावत आली. मी विचारलं, "कुणाला लागलं का?"

"न्हाई बाई, समदी हायती. बरं आवरलं तुमी." तिनं मावशीकडे पाहिलं. "आजी कावून रडत्यात?"

"रडत न्हाई गं," मावशी डोळे पुसत म्हणाली, "देवाला चाललोय."

देवळाबद्दल लिहायला वेगळी पोस्ट लागेल. भिंतींवरच्या दगडी बायका, त्यांचे दागिने, त्यांचं उभं राहणं, सगळं वेळ काढून बघा, उन्हं उतरताना. दोघी बहिणी गाभाऱ्यातून बाहेर आल्या आणि सावलीत पाय पसरून बसल्या. सीताफळं खात, बिया लांब कोण थुंकतं याची पैज लावत. जोडून वय सव्वाशेच्या घरात. मावशी जिंकली.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. एबीएस, एअरबॅग काय आहे, असं लोक विचारतात, मी सांगते. पण आधी हे सांगते, की मोकळ्या मैदानात एकदा ब्रेक पूर्ण दाबून बघा. ती थरथर पायाला ओळखीची होऊ द्या. आणि कुणाला भीती वाटत असेल तर 'काही होत नाही' म्हणू नका.

काल दुपारी दाराची बेल वाजली. बाहेर भाड्याची गाडी, आणि दारात कलामावशी, एका हातात धपाट्यांचं फडकं. मागे बापूदादा वैतागलेला. "समद्या वाटंनं डायवरला शिकवीत आली ही."

मावशीनं चपला काढल्या, पाणी प्यायली, सोफ्यावर टेकली आणि मला विचारलं, "वेरूळ किती लांब हाय गं हितनं?"