उपासाची वेगळी गिरणी

यामिनीताईच्या गॅरेजमध्ये दोन घरघंट्या होत्या. एक धान्याची, एक उपासाची. उपासाच्या घरघंटीत वरी, साबुदाणा, राजगिरा, जिरं एवढंच दळायचं. गहू तिच्या जवळपासही जायचा नाही.

हे मला तिची ओळख होण्याआधीपासून ठाऊक होतं. मी तिच्या मेलच्या यादीवर होते. दर बुधवारी तिचं पत्र आमच्या स्प्रिंगफील्ड लेक्सपासून मेलबर्नपर्यंत तीनशे चाळीस घरांत जायचं. मेतकूट करपलं तर ती तसं लिहायची. ‘या वेळचं घेऊ नका.’ लोक त्यामुळेच पुढच्या वेळचं घ्यायचे. चिंचवडला औषधांच्या कंपनीत नऊ वर्षं क्वालिटी कंट्रोल केलेली बाई. इथे त्या कामाला कोणी दारात उभं केलं नाही, तेव्हा तिने भाजण्या सुरू केल्या. मी मराठी साहित्यात एम.ए. केलेली. इथे त्याचा उपयोग इतकाच, की पत्र पाठवण्याआधी मी ते वाचायचे.

श्रावणातल्या तिसऱ्या बुधवारी सकाळी तिचा फोन आला.

“रुचा, ये.”

“अगं, दुपारी शिफ्ट आहे माझी. अजून आंघोळ...”

“ये.”

ती ओट्यापाशी उभी होती. तिचा नवरा, चारुदत्त, तिच्याकडे पाठ करून खिडकीतून बाहेर बघत होता. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

मेल यादीतल्या चिन्मयीची होती. तिची मुलगी श्रिया सात वर्षांची. तिला सीलिअ‍ॅक आहे. गव्हाचा कणही पोटात गेला तर आतडं सुजतं. चिन्मयीने लिहिलं होतं, ‘यामिनीताई, दोन आठवडे श्रियाचं पोट दुखतंय, उलट्या होतायत. डॉक्टर म्हणतात, कुठून तरी गहू जातोय. तुझं पाकीट सोडून घरातलं सगळं पीठ, मसाले, सॉस फेकून दिले. आता ती फक्त तुझ्या उपासाच्या भाजणीचं थालीपीठ खाते. आणखी पाच पाकिटं पाठवशील?’

मला काहीच कळलं नाही. “मग?” मी म्हटलं.

“उपासाची घरघंटी श्रावणाआधीच्या शुक्रवारी जळली,” यामिनीताई म्हणाली. “साठ पाकिटं कबूल केलेली. शनिवारी मी गव्हाच्या घरघंटीत दळलं. ब्रशने झाडली, पुसली. पहिली किलोभर वरी दळून फेकून दिली. म्हटलं, उपासाला एवढं चालेल. देव समजून घेईल.”

तिने लॅपटॉप मिटला.

“मला देवच आठवला. श्रिया नाही आठवली.”

त्या आठवड्याच्या पत्राखाली नेहमीची ओळ होती: ‘उपासाची गिरणी वेगळी.’ ती मीच आधीच्या पत्रातून उचलून त्यात घातली होती. तिने ती वाचली होती, आणि काढली नव्हती.

“चिन्मयीला फोन कर,” चारुदत्त म्हणाला. “पण यादीला कशाला? तीनशे चाळीस लोकांना सांगून काय मिळणार?”

“आणखी कोण कशासाठी खातंय, मला माहीत आहे का?”

“मग मशीन बिघडलं, एवढंच लिही.”

“मशीन शुक्रवारी बिघडलं, चारू. दळलं शनिवारी.”

“परवाना जाईल, यामिनी!”

तिने फोन लावला. स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

“बोल गं ताई, पाठवलीस?”

“चिन्मयी, श्रियाला भाजणी देऊ नकोस.”

“कोणती?”

“माझी. गव्हाच्या घरघंटीत दळलीय. मी दळलीय.”

चिन्मयी एकदम ओरडली, “डब्यात दिलंय. आज डब्यात तेच दिलंय मी!” आणि फोन कटला.

शाळेची जेवणाची सुट्टी अकराला. घड्याळात दहा पंचेचाळीस. यामिनीताई जमिनीवर बसली. मी तिच्या शेजारी बसले. चारुदत्तने पाण्याचा ग्लास भरला आणि स्वतःच प्यायला. अकरा वाजून सात मिनिटांनी मेसेज आला. ‘डबा मिळाला. उघडला नव्हता.’

मग आम्ही पत्र लिहिलं. मी ‘अनवधानाने’ असा शब्द सुचवला.

“खोड तो,” ती म्हणाली. “मी जागी होते.”

चार ओळींचं पत्र गेलं. काय केलं, कधी केलं, कोणती पाकिटं. खाऊ नका, जवळ असाल तर मी न्यायला येते. परवाना देणाऱ्या कौन्सिललाही तिनेच कळवलं.

उत्तरं दुपारपर्यंत येत राहिली. ‘आजवर आणखी काय काय दळलंस त्यात?’ ‘एवढे दिवस झोपली होतीस का?’ एकाने ‘नो वरीज’ लिहिलं, त्याने पाकीट उघडलंच नव्हतं. शैलाकाकूंनी विचारलं, ‘माझे तीन सोमवारचे उपास मोडले त्याचं काय?’ संध्याकाळी शिफ्ट संपवून मी आले तेव्हा यादीत दोनशे साठ नावं उरली होती. यामिनीताई प्रत्येकाला उत्तर लिहीत होती. शैलाकाकूंची मेल तिने शेवटासाठी ठेवली.

शनिवारी आम्ही पाकिटं गोळा करत फिरलो. बहुतेकांनी ती दारातच काढून ठेवली होती. चिन्मयीचं घर शेवटी घेतलं. जाळीचं दार बंद होतं, आतलं उघडं. पायरीवर दोन पाकिटं होती, एक फोडलेलं, वर रबरबँड.

“श्रिया कशी आहे?” यामिनीताईने जाळीतून विचारलं.

चिन्मयी आत उभी होती. तिने दाराची कडी काढली नाही. “बरी होतेय.”

“मी...”

“पाकिटं घे, ताई.”

यामिनीताई पाकिटं उचलायला वाकली. आतून मुलीचा आवाज आला, “मम, इज दॅट थालीपीठ आंटी?”

“नाही,” चिन्मयी म्हणाली, आणि आतलं दार लावून घेतलं.