जांभळ्या टोकाचा उंचवटा

साठच्या दशकात बोईसरला आमची एक छोटी प्रयोगशाळा होती. प्रकाश पडला की वीज देणारे सेल तिथे बनत, आणि कोणत्या रंगाला सेल किती दाद देतो हे मोजणं माझं काम. बल्बचा प्रकाश एका डब्यातल्या लोलकातून रंगांत फोडायचा आणि एकेक रंग सेलवर सोडायचा. डब्याला आतून काजळी फासलेली असे, म्हणजे भटका प्रकाश तिथेच मरतो.

पाहुणे येणार म्हणून साहेबांनी सगळं रंगवायला काढलं. खुर्च्या, कुंड्या, आणि तो डबाही. आतूनसुद्धा, चकचकीत काळ्या ऑइल पेंटने. मलाही तो देखणा वाटला. त्यानंतरच्या मोजणीत आलेखाच्या जांभळ्या टोकाला उंचवटा आला. परदेशी सेललाही दिसत नाही ते आपल्या सेलला दिसतं, असं साहेबांनी जाहीर केलं. मला हवं तेच दिसत होतं, म्हणून मी तपासलं नाही.

समारंभाच्या सकाळी सेलवर जांभळा सोडला आणि प्रकाशाच्या वाटेत सहज लाल काच धरली. ती जांभळा अडवते. मीटरचा काटा शून्यावर यायला हवा होता. तो जेमतेम खाली आला. बल्बमध्ये जांभळा मुळातच थोडा, त्यामुळे चकचकीत रंगावरून उसळलेला लाल-पिवळा तिथे भाव खाऊन गेला होता.

"साहेब, काच लावली तरी काटा उतरत नाही."

"मग काच काढा," साहेब म्हणाले. "कार्यक्रम झाला की लावा."

आलेखाला झेंडूचा हार घातला होता. फुलं शिरगावच्या वाडीतली. सासरे पहाटे स्वतः तोडून घेऊन आले होते आणि पहिल्या रांगेत बसले होते. मला आलेख समजावायला उभं केलं. मी म्हणालो, "हा उंचवटा सेलचा नाही, डब्याच्या रंगाचा आहे. लाल काच लावून जेवढं उरतं, तेवढं यातून वजा करायला हवं."

टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी तर उठून वाजवल्या. साहेब स्वतःच्या बुटांकडे बघत होते. इतके दिवस न तपासणारा मीच होतो; एवढी लाज मला कुणी शिव्या घातल्या असत्या तरी वाटली नसती.

मांडव रिकामा झाल्यावर सासरे आलेखापाशी आले.

"जावईबापू, वजा केल्यावर काय उरंल?"

"साधाच सेल, मामा. परदेशी सेलपेक्षा जरा कमीच."

त्यांनी हार उतरवला.

"देवाला घालता?" मी विचारलं.

"एकदा घातलेला देवाला चालत नाय," ते म्हणाले आणि हार माझ्या हातात दिला.